रस्ता वर, उंबरा खाली

आमच्या घराला तीन पायऱ्या होत्या. आजोबांनी बेळगावच्या शहापुरात घर बांधलं तेव्हा गल्लीतून सोप्यात चढायला त्या तिन्ही लागत, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर बसून आम्ही पोरं गोट्या मोजायचो. गल्लीची दगडी फरशी उपटून खडी-डांबर केलं तेव्हा पहिली पायरी गेली. नंतर दर चार-पाच वर्षांनी पडणाऱ्या डांबराच्या कार्पेटनं दुसरी गिळली. दोन वर्षांमागं काँक्रीट आलं आणि तिसरीही गेली. आता रस्ता आणि उंबरा एका पातळीत आहेत. पाणी जरा जास्त झालं तर रस्ताच वर. श्रावणात दाराला आडवी फळी लावून मागं वाळूची पोती ठेवतो. समोरच्या मावशी म्हणतात, "रस्ता मोठा झाला की वो, आमी बारीक झालो."

मला इथं कुणा एका ठेकेदाराला किंवा साहेबाला शिव्या घालायच्या नाहीत. तसं करून काही होत नाही, हे आम्ही गल्लीकरांनी चांगलं अनुभवलंय. मुद्दा वेगळा आहे. गल्लीतला रस्ता चांगला की वाईट, हे आपण तो किती गुळगुळीत, किती जाड आणि किती वर्षं टिकणार यावरून ठरवतो. माझ्या मते पहिला प्रश्न दुसराच असायला हवा. हा रस्ता उकलता येतो का, आणि उकलला तर संध्याकाळपर्यंत होता तसा बसवता येतो का?

कारण गल्लीतला रस्ता हे नुसतं जायचं-यायचं साधन नाही. ते एका पेटीचं झाकण आहे. खाली नळाची लाईन, ड्रेनेज, टेलिफोनची केबल, आता वीज आणि गॅसही. 24 तास पाण्याची योजना कर्नाटकात आधी बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्यातल्या मोजक्या वॉर्डांत 2008च्या सुमारास सुरू झाली, नंतर ती बाकी शहरात पसरवायचं काम निघालं. नवी लाईन म्हणजे नवा चर. त्याला कुणाचा इलाज नाही. पाणी हवं तर खणावं लागणारच. ज्या पेटीत रोज हात घालायचा, तिचं झाकण खिळे मारून बंद कोण करतं? आपण करतो, आणि वर त्याला 'कायमस्वरूपी' म्हणतो.

फरशी उपटली तो दिवस मला चांगला आठवतो. दगड काळ्या पाषाणाचे, साधारण दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि अर्धा फूट जाड. काळा पाषाण पाण्याच्या पावणेतीन ते तीनपट जड, म्हणजे असा एक दगड ऐंशी किलोच्या आसपास भरतो. दोन गडी आणि एक पहार, एवढ्यावर तो हलतो. वरचं अंग गाड्यांच्या लोखंडी धावांनी झिजून ताटासारखं किंचित खोलगट झालं होतं. उलटा केल्यावर मात्र खालचं अंग अगदी ओबडधोबड, छिन्नीचे घाव कालच घातल्यासारखे ताजे, आणि बाजू खाली निमुळत्या होत गेलेल्या. त्यामुळं वरून दोन दगडांत बोट शिरणार नाही अशी सांध, पण खाली चांगली दोन-तीन बोटांची फट, मुरूम आणि वाळूनं ठासून भरलेली. त्याखाली ओलसर गार माती होती आणि तिच्यात गांडुळं. भर मे महिना होता.

त्याआधीच्या काळात कुणाच्या नळाला गळती लागली की गवंडी आणि दोन गडी सकाळी यायचे. चार-पाच दगड उचलून भिंतीला उभे करायचे. पाईप बदलला की माती थरथरानं घालून वर पाणी मारून चोपायची, वाळू पसरायची आणि तेच दगड त्याच क्रमानं बसवायचे. दिवेलागणीला गल्ली जशीच्या तशी. कुठं खणलं होतं हे दुसऱ्या दिवशी सांगता यायचं नाही. आता त्याच कामाला कटर मशीन लागतं, ब्रेकर लागतो, आणि निघालेला राडारोडा पुन्हा कशालाच उपयोगी पडत नाही. चर ढिल्या मातीनं बुजवायचा, वर काँक्रीटचं ठिगळ थापायचं. खालची माती पहिल्याच पावसात बसते, ठिगळाखाली पोकळी होते, आणि नव्या-जुन्या काँक्रीटचा सांधा नीट जुळत नाही म्हणून तिथूनच कड तुटायला लागते. आमच्या गल्लीत दोन वर्षांत अशी सात ठिगळं झाली. रस्ता तीस वर्षांचा म्हणून सांगितला होता.

जुनं ते सोनं असा राग मी आळवतोय, असं कुणाला वाटेल. नाही. दगडी फरशी पावसात निसरडी होते. आमच्या आत्याचा हात तिच्यावरच घसरून मोडला होता. सायकलवाल्यांची हाडं खिळखिळी व्हायची, आणि व्हीलचेअर ढकलणाऱ्याला विचारा तो काय म्हणतो. पण निसरड्या दगडावर उपाय नव्हता असं नाही. पूर्वी घरोघरी वडारणी यायच्या, "टाकी लावायची का टाकी" म्हणत. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावायची, जात्याला लावायची. रस्त्याच्या दगडालाही तशीच लावता येते; छिन्नीनं बारीक घाव घातले की पाय धरतो. पाटा झिजला म्हणून कुणी स्वयंपाकघर पाडत नव्हतं. रस्त्याच्या बाबतीत आपण नेमकं तेच केलं.

जगाचा इतिहास बघितला तरी रस्त्याची गोष्ट वरच्या थरापेक्षा खालच्या पाण्याची जास्त आहे. मोहेंजोदडोचे बहुतेक रस्ते फरसबंद नव्हतेच. मातीचे होते. पण त्यांच्या कडेनं विटांची बांधीव आणि झाकलेली गटारं होती. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं आधी पाण्याची वाट केली आणि माणसाच्या वाटेची फिकीर नंतर केली. आपण बरोबर उलटं करतो. आधी रस्ता उद्घाटनापुरता तयार करायचा आणि मग गटार त्याच्या उंचीला जुळत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा.

रोमन लोकांचा ॲपियन रस्ता इसवी सनापूर्वी 312 साली सुरू झाला. त्याच्यावरचे मोठाले बहुकोनी दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्याचेच, आपल्या काळ्या पाषाणाच्या जातकुळीतले. त्यातले काही अजून जागेवर आहेत. पण माझ्या मते रस्त्याच्या इतिहासातला सगळ्यांत शहाणा माणूस रोममध्ये नव्हता, तो स्कॉटलंडमध्ये जन्मला. जॉन लाउडन मॅकॅडम. 1816 साली ब्रिस्टलच्या रस्त्यांचं काम त्याच्याकडे आलं. तोवर मोठमोठे दगड पायात घालून रस्ता भक्कम करायची पद्धत होती. मॅकॅडम म्हणाला, ओझं शेवटी जमीनच पेलते, दगड नाही. जमीन कोरडी ठेवा, ती कितीही वजन पेलेल. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जरा उंच, मधे किंचित फुगीर, कडेला चर, आणि वर हातानं फोडलेल्या बारीक खडीचा थर. एक खडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण 170 ग्रॅमपेक्षा जड नको. खड्याला टोकं-कंगोरे हवेत, नदीतला गोटा चालणार नाही, कारण कंगोरे एकमेकांत अडकतात. गाड्या जाऊन जाऊनच तो थर आवळत जायचा.

आपल्याकडे अजून ठेकेदार 'डब्ल्यूबीएम', म्हणजे वॉटर बाउंड मॅकॅडम, म्हणतात, त्यातला 'एम' म्हणजे हाच माणूस. खडी, मुरूम, पाणी आणि रोलर. आमच्या लहानपणी अभ्यास केला नाही की वडील म्हणायचे, "हिंडलग्याला पाठवतो खडी फोडायला." हिंडलग्याचा तुरुंग आम्हाला माहीत होता. खडी फोडणं ही शिक्षा मॅकॅडमच्या कृपेनं रूढ झाली असणार, असं मला उगाच वाटत आलंय. आणि लहानपणी बेळगावातल्या खडेबाजार या पेठेचं नावही मी या खड्यांशीच जोडत होतो, हे कबूल करून टाकतो.

मॅकॅडमचा रस्ता बैलगाडीसाठी आणि घोडागाडीसाठी होता. लोखंडी धाव खडीला दळायची, त्याची भुकटी फटींत बसायची, आणि रस्ता स्वतःच स्वतःला सांधत राहायचा. मोटार आली आणि रबरी चाकांनी तीच भुकटी वर ओढून उडवायला सुरुवात केली. रस्ते धुळीचे झाले, खडी सुटी पडली. तिला धरून ठेवायला डांबर लागलं. एडगर हूली या ब्रिटिश इंजिनिअरानं 1902 मध्ये खडी-डांबराच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. काँक्रीटचा रस्ता त्याच्याही आधीचा आहे, अमेरिकेत ओहायोमधल्या बेलफाउंटन गावात 1891 साली केलेला. तेव्हा काँक्रीट म्हणजे काल आलेली नवलाई, हाही एक गैरसमजच.

आणि काँक्रीटला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी या पट्ट्यात दिवाळीनंतर जाऊन बघा. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, उसानं छतापेक्षा उंच भरलेल्या, रात्रंदिवस कारखान्याकडे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात रस्त्यांवर मुद्दाम गाड्या फिरवून एक मोठी चाचणी घेतली होती. तिच्यातून इंजिनिअरांनी जो ढोबळ नियम काढला तो असा, की आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज जवळपास सोळापट होते. खाली काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी. अशा रस्त्याला काँक्रीट द्यायचं असेल तर द्या, आणि नीट द्या. काँक्रीट आकसतं तेव्हा तडा जाणारच. म्हणून तो कुठं जावा हे आधीच ठरवून दिवसाच्या आत करवतीनं काप द्यावे लागतात, गोणपाट टाकून चांगले दोन आठवडे पाणी मारावं लागतं. ज्या रस्त्यावर हे झालं तो टिकतो. आमच्या गल्लीत तिसऱ्या दिवशी बुलेट फिरली.

पण बारा फुटी बोळातून उसाची ट्रॉली जात नाही. तिथून जातात स्कूटर, दूधवाला, गणपतीची मिरवणूक आणि महिन्यातून एकदा सिलेंडरची गाडी. तिला हायवेचं औषध कशाला? ताप आणि खरूज दोन्हीला एकच मात्रा देणाऱ्या वैद्याला आपण भोंदू म्हणतो. रस्त्याच्या निविदेत मात्र तीच मात्रा सगळीकडे चालते, कारण मोजायला सोपी. इतके मीटर लांब, इतके रुंद, इतके इंच जाड. बिल तयार.

आता पाणी. हिशोब तिसरीच्या पोराला येईल असा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर मीटर लांब आणि चार मीटर रुंद गल्ली म्हणजे 400 चौरस मीटर. बेळगावात पावसाळ्यात एखाद्या दिवशी 50 मिलिमीटर पडणं ही काही बातमी नव्हे. तेवढ्यानं या एका गल्लीवर वीस हजार लिटर पाणी पडतं, पाच-पाच हजारांचे चार टँकर. काँक्रीटवरून त्यातलं जवळजवळ सगळं वाहून जातं. फरशीच्या सांध्यांतून सगळं मुरत होतं असं मी म्हणणार नाही. धो धो पावसात तीही वाहायचीच. पण रिमझिम तिच्यात जिरायची, आणि आमचा पावसाळा मुख्यतः रिमझिमीचाच. 1924च्या काँग्रेस अधिवेशनासाठी, गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते त्या अधिवेशनासाठी, टिळकवाडीत विहीर खणली होती. ती आजही आहे. विहिरी असलेलं हे गाव आहे. त्या विहिरींना पाणी कुठून येतं याचा विचार रस्ता करणाऱ्यानं करायचा नाही, तर कुणी करायचा?

आणि वाहून गेलेलं पाणी जातं कुठं? बळ्ळारी नाल्यात. नाल्याच्या दोन्ही अंगांना शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरचं शिवार. बेळगावी बासमतीचं भात. पावसाळ्यात नाला पात्र सोडून शेतात शिरतो आणि रोप कुजतं, हे रडगाणं आता दरवर्षीचं झालंय. त्याला गाळ, जलपर्णी, अतिक्रमण अशी पुष्कळ कारणं आहेत, सगळं खापर काँक्रीटवर फोडणं खोटेपणा होईल. पण गल्लीनं जे पाणी पूर्वी सावकाश सोडलं ते आता एका तासात सोडते, आणि ते झेलतो नाल्याकाठचा शेतकरी. रस्ता शहराचा, पण त्याचा हप्ता शिवारानं भरायचा, असा हा व्यवहार आहे.

दगडाच्या बाबतीत तर आपण नशीबवान आहोत. दख्खनच्या लाव्ह्याची दक्षिणेकडची कड आपल्याच भागात संपते. निपाणी, संकेश्वरकडे काळा पाषाण. खानापूरकडे आणि शहराच्या आसपास जांभा, जो खाणीतून ओला काढताना कुऱ्हाडीनं तासता येतो आणि हवेवर वाळून घट्ट होतो; भिंतीला उत्तम, पण रस्त्याला नको, चाकाखाली झिजतो. गोकाकला धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो तो वालुकाश्म. आणि घरातल्या सोप्याला, परसवाला जी शहाबादी फरशी घालतो तीही कर्नाटकातलीच, गुलबर्गा जिल्ह्यातल्या शहाबादची. एवढं सगळं पायाखाली असताना आमच्या बोळांत सिमेंट ओततो, आणि ते घडवणारे हात, वडार आणि पाथरवट, बिगारी म्हणून त्याच सिमेंटच्या पाट्या वाहतात.

याला दगडच हवा असा माझा हट्ट नाही. नेदरलँड्समध्ये अजून कितीतरी गल्ल्या भाजक्या विटांच्या आहेत. वाळूवर बसवलेल्या, मधे चुना-सिमेंट काही नाही. पाईप टाकायचा असेल तर विटा उचलून ठेवतात, काम झालं की त्याच परत लावतात. दुसऱ्या महायुद्धानंतर विटा कमी पडल्या तेव्हा तिथं त्याच आकाराचे सिमेंटचे ठोकळे निघाले. आपण ज्यांना पेव्हर ब्लॉक म्हणतो, त्यांचे पूर्वज हेच. आपल्याकडे पेव्हरचं नाव बदनाम झालं, कारण कडेला आधार न देता, खाली नीट दाबून न घेता, नुसते पसरले. कडेला पट्टी नसेल तर ब्लॉक सरकतातच; विस्कटलेल्या दातांसारखी गल्ली दिसते. दोष ठोकळ्याचा नाही. त्यासाठीही भारतीय रस्ते काँग्रेसचे वेगळे नियम छापलेले आहेत. वाचले की झालं.

2016च्या जानेवारीत स्मार्ट सिटीसाठी पहिली वीस शहरं जाहीर झाली, त्यात बेळगाव होतं. तेव्हापासून आमच्याकडे विकासाचा रंग पांढुरका करडा झाला. आणि इथं एक गोष्ट बोलावीशी वाटते, ती दोन्ही बाजूंना रुचणार नाही. 1956च्या 1 नोव्हेंबरपासून आपण पाटीवर अक्षर कुठलं असावं यावर भांडत आलो. भांडण खरं आहे, मीही त्यात आहे आणि राहीन. पण पाटी ज्या रस्त्यात रोवलीय तो किती इंच वर आला, हे विचारायला गल्लीतल्या कानडी आणि मराठी घरांतून मिळून कधी चार माणसं कचेरीत गेली नाहीत. पाणी आमच्या घरात शिरतं तेव्हा शेजारच्या कानडी अण्णांच्याही घरात शिरतं. ते फळी लावतात तीही आमच्याच सुताराकडची.

मागणी करायची तर नेमकी करावी. डांबर किंवा काँक्रीटचा नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढल्याशिवाय काम सुरू करता कामा नये. प्रत्येक गल्लीत एका जुन्या भिंतीवर छिन्नीनं रस्त्याची पातळी कोरून ठेवावी आणि निविदेत लिहावं की रस्ता या रेघेच्या वर येणार नाही. इंजिनिअराला लेव्हलचं यंत्र आहे, आम्हाला रेघ पुरे. पोरंसुद्धा वाचू शकतील. पाईप-केबलसाठी कडेला झाकण उघडणारी नळी आधी, फरशी नंतर. ट्रक जात नाही अशा गल्लीला सांध्यांची फरसबंदी, मग दगडाची असो वा ठोकळ्यांची, पण वाळूवरची. झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी. दिल्लीत 2013 साली हरित लवादानं हाच आदेश दिला होता. यातलं काहीच अवघड नाही. खर्च जास्त येईल म्हणतील. येईलही, पहिल्या वर्षी. मग सात ठिगळांचा हिशोबही त्याच कागदावर मांडा.

राहिला उपटलेल्या दगडांचा प्रश्न. ते कुणाचे, हे कुणी विचारलंच नाही. बरेचसे ट्रॉलीतून गेले, कुठं ते ठाऊक नाही. उरलेले देवळामागं ढीग करून पडलेत, त्यावर गवत उगवलंय. लोकांनी लागतील तसे नेले. कुणी परसवात धुणं आपटायला, कुणी तुळशीच्या कट्ट्याला. आम्हीही एक आणला होता.

गेल्या ज्येष्ठात समोरच्या मावशींच्या मुलानं दोन दगड नेले. दोघा गड्यांनी पहारीनं सरकवत आणले, सकाळ गेली त्यात. मला वाटलं दारात पायरी करतोय. पायरीच केली, पण उंबऱ्याच्या आत. रस्ता आता त्यांच्या सोप्यापेक्षा दीड वीत वर आहे, त्यामुळं घरात यायचं तर उतरावं लागतं. खोलगट अंग वर ठेवलंय. मावशी त्यावर पाय ठेवून, भिंतीला हात लावून, एकेक पाऊल खाली उतरतात.